बाटलीतली मुळं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टिश्यू कल्चरच्या (झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेल्या रोपांच्या) केळीवर लिहिताना एक वाक्य येऊन गेलं होतं, की बाटलीत कोंब वाढवायला एक हार्मोन (सायटोकायनिन) देतात आणि मुळं फुटवायला दुसरं (ऑक्झिन). लेखातल्या बाकी कशावर कुणी फारसं विचारलंच नाही, पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं त्या एका वाक्यावर. म्हणून या वेळचं सदर पूर्ण मुळांनाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : आम्ही डॉगरिजच्या (द्राक्षाच्या खुंटाच्या) काड्या आयबीएमध्ये (मुळं फुटवायच्या ऑक्झिनमध्ये) बुडवून लावतो, २००० पीपीएम. दुकानदार म्हणतो डोस डबल करा, मुळं डबल येतील. पण पोराने मोबाईलवर वाचून दाखवलं की लॅबमध्ये फक्त १ पीपीएम देतात. मग आम्ही एवढं का ओततो? नक्की खरं काय?
(द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर : दादा, दोन्ही आकडे बरोबर आहेत, फरक वेळेचा आहे. तुम्ही काडीचं बूड पाच-दहा सेकंद बुडवता आणि काढता, काडी जून, साल जाड, त्यामुळे आत जातं ते थोडंच आणि तेही त्या खालच्या सेंटीमीटरभर भागात. लॅबमधलं रोप बोटभर उंचीचं, एकदम कोवळं, आणि ते लिटरला १ मिलिग्रॅम (हाच तो १ पीपीएम) असलेल्या जेलीत दोन-तीन आठवडे उभं असतं, रात्रंदिवस ओढत असतं. त्याला तुमचा २००० चा डोस दिला तर दुसऱ्या दिवशी फेकून द्यावं लागेल.

आता डबलचं. दुकानदार हार्मोनला खताच्या हिशोबात मोजतोय, आणि तो एकटाच नाही, निम्म्या कृषी केंद्रांत हेच ऐकू येतं. खतातून झाडाला काहीतरी मिळतं, आयबीएतून काहीही मिळत नाही, ते फक्त पेशींना इशारा देतं. विरजणाचं असतं ना तसं, चमचाभर पुरतं, वाटीभर घातलं म्हणून दही जास्त लागत नाही, आंबट होतं. मूळ बनायला लागणारा माल, म्हणजे साखर आणि बाकी सगळं, काडीत आधीच साठलेलं असावं लागतं, म्हणून पेन्सिलीएवढी जाड आणि पूर्ण पक्की झालेली काडी घ्या असं सांगतात. कच्च्या काडीला कितीही हार्मोन लावा, आत काही नसेल तर मूळ येणार कुठून.

डोस जास्त झाला की काडी इथिलीन वायू सोडायला लागते, बूड फुगतं, साल फाटते, कधी काळं पडतं, आणि वरचे डोळे फुटायचे थांबतात. खरं तर ऑक्झिन जास्त झालं की काय होतं हे द्राक्षवाल्याला सांगायला नकोच. शेजाऱ्याने उसात २,४-डी मारलं आणि वारा तुमच्याकडे असला तर शेंड्याची पानं पंख्यासारखी आखडतात, ते बघितलं असेलच तुम्ही. ते तणनाशक म्हणजे माणसाने बनवलेलं ऑक्झिनच आहे, आयबीएच्याच जातकुळीतलं, फक्त झाडाला ते नीट मोडता येत नाही.

डॉगरिज मुळं धरायला जरा हट्टी आहे हे मान्य, पण दुकानदारावर जाऊ नका, स्वतः बघा. वीस-पंचवीस काड्या नुसत्या पाण्यात, तेवढ्याच १०००, २००० आणि ३००० मध्ये, चार ओळी लावा आणि दीड-दोन महिन्यांनी उपटून मुळं मोजा. आणि शुद्ध आयबीए पावडर सरळ पाण्यात टाकू नका, ती विरघळत नाही, वर तरंगत बसते आणि मग कुठल्या काडीला किती लागलं याचा पत्ता नसतो. २ ग्रॅम पावडर आधी अर्धा लिटर अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून लिटर करा, ते झालं २००० पीपीएम. पोटॅशियम सॉल्ट मिळालं तर ते मात्र पाण्यात विरघळतं. अजून एक, घडासाठी आणलेलं जीए (जिबरेलिक ॲसिड, हे वेगळं हार्मोन) शिल्लक आहे म्हणून काड्यांना लावणारे लोक आहेत, ते करू नका, जीए मुळं फुटण्याच्या उलट काम करतं.

प्रश्न : जीवशास्त्र शिकवायचो, आता रिटायर झालोय. एक शंका कायम राहिली. पानाशिवाय, खोडाशिवाय नुसतं मूळ एकटं जगू शकतं का? की हार्मोन दिल्यावरच जगतं?
(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सर, जगतं, आणि गंमत म्हणजे त्याला हार्मोनसुद्धा लागेलच असं नाही. १९२२ मध्ये जर्मनीत कोटे आणि अमेरिकेत रॉबिन्स, दोघांनी एकमेकांना न विचारता मुळांची टोकं कापून साखरपाण्यात वाढवायचा प्रयत्न केला, काही काळ वाढली आणि थांबली. मग १९३४ मध्ये फिलिप व्हाइट यांनी प्रिन्स्टनच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टोमॅटोच्या मुळांची टोकं अशी वाढवली की थांबायचं नावच नाही, वाढलेल्या मुळाचं टोक कापायचं, नव्या फ्लास्कमध्ये टाकायचं, परत वाढतं, परत कापायचं. खोड नाही, पान नाही, माती नाही, वर्षानुवर्षं नुसतं मूळ.

त्यांच्या पाण्यात साखर, क्षार आणि यीस्टचा अर्क होता. यीस्टमधलं नेमकं काय लागतंय हे शोधत गेल्यावर कळलं की मुख्य गोष्ट थायमिन, म्हणजे आपलं बी-१ जीवनसत्त्व. मुळाला ते स्वतःला पुरेसं बनवता येत नाही, झाडात असताना ते वरून, पानांकडून येतं! आपण शाळेत शिकवतो की मुळं पाणी वर पाठवतात आणि पानं साखर खाली पाठवतात, पण पानं मुळांना व्हिटॅमिनच्या गोळ्यापण पाठवतात हे पाठ्यपुस्तकात कुठेच नसतं. ते का नसतं हा माझाही जुना प्रश्न आहे.

हार्मोनचं म्हणाल तर तयार मुळाचं जिवंत टोक असलं की त्याचं काम बऱ्यापैकी भागतं, ऑक्झिन त्याच्याकडे असतंच. हार्मोन लागतं ते जिथे मूळ नाहीच, म्हणजे पानाच्या किंवा खोडाच्या तुकड्याला ‘आता मूळ हो’ असं सांगायला.

प्रश्न : एमएस्सीला आहे, प्रोजेक्ट अश्वगंधाच्या मुळांचं कल्चर. पानाचे तुकडे एमएस मीडियावर (बाटलीतल्या झाडाचं ठरलेलं अन्न) २,४-डी घालून ठेवले, मुळांऐवजी पिवळट गोळाच येतोय. गाईड म्हणतात कॉन्सन्ट्रेशन बदल, बदललं, गोळा तसाच, फक्त लहान-मोठा. सिनियर म्हणते हे सोड आणि हेअरी रूट कर, त्याला हार्मोनच लागत नाही. हे कसं काय? सबमिशन जवळ आलंय.
(विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : अगं, कॉन्सन्ट्रेशन नको बदलू, हार्मोन बदल. तो गोळा म्हणजे कॅलस, मूळ-कोंब काहीच न झालेल्या पेशींचा ढीग, आणि २,४-डी वर कॅलस येणं हे अगदी ठरलेलं आहे, त्यात तुझं काही चुकलेलं नाही.

हे नीट समजून घे कारण व्हायव्हाला हेच विचारतात. १९५७ मध्ये विस्कॉन्सिनला स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या खोडातल्या गाभ्याचे तुकडे घेऊन दाखवलं की ऑक्झिन आणि सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर सगळं ठरतं, ऑक्झिन वरचढ तर मुळं, सायटोकायनिन वरचढ तर कोंब, दोन्ही साधारण तुल्यबळ तर गोळा. (त्यांचं कायनेटिन दोनच वर्षं आधी, १९५५ मध्ये, हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या जुन्या डीएनएमधून सापडलं होतं. वनस्पतीचं हार्मोन म्हणून जे पहिलं सायटोकायनिन हाताला लागलं ते माशातून, हे मला अजून पचत नाही.) पण एवढं वाचून मुलं समजतात की मग ऑक्झिन भरपूर टाका, मुळं येणार. इथेच घोळ होतो, कारण मूळ फुटायच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हीला ऑक्झिन सारखं चालत नाही.

पहिल्या दिवशी कापलेल्या जागेच्या पेशी आपलं जुनं काम विसरतात. मग साधारण चौथ्या दिवसापर्यंत ऑक्झिनच्या इशाऱ्याने त्यातल्या काही पेशी मुळाच्या वाटेला लागतात, हा काळ ऑक्झिनचा. त्यानंतर जे इवलं मूळ आत तयार झालं ते बाहेर येऊन लांब व्हायला हवं, आणि तिथे तेच ऑक्झिन आडवं येतं. सफरचंदाच्या कोवळ्या काड्यांवर हॉलंडमध्ये हे दिवसादिवसाने तपासलंय. म्हणजे असा इशारा हवा जो जोरात येतो आणि मग ओसरतो. २,४-डी ओसरतच नाही, पेशीला ते मोडता येत नाही, इशारा वाजतच राहतो आणि पेशी नुसत्या वाढत सुटतात. आयएए (झाड स्वतः बनवतं ते ऑक्झिन) एकदम उलटं, उजेडात आणि पेशीतल्या एन्झाइम्समुळे ते फार लवकर संपतं. आयबीए या दोघांच्या मधलं, टिकतं पण हळूहळू झाडाच्या आत त्याचं आयएए होतं, म्हणून मुळांसाठी जगभर लोक त्याच्याकडे जातात. एनएए (माणसाने बनवलेलं आणखी एक ऑक्झिन) सुद्धा चालतं, जास्त झालं तर मुळं आखूड आणि जाड येतात.

तर कर काय, अर्ध्या ताकदीचा एमएस घे (नायट्रोजन कमी झालेलं मुळांना आवडतं), साखर २ ते ३ टक्के, आयबीए लिटरला ०.५ मिलिग्रॅमपासून सुरू कर, पीएच ५.८, आणि बाटल्या अंधारात ठेव. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या गटाने अश्वगंधाची मुळं साधारण याच पट्ट्यात वाढवलीत, आणि त्याआधी २००६ मध्ये अमरावती विद्यापीठातून आलेला पेपर आहे, तो काढून वाच, त्यांनी पानापासून मधे कॅलस न होऊ देता सरळ मुळं काढलीत, आयबीए आणि आयएए एकत्र वापरून. आपल्याच भागातलं काम आहे, रेफरन्सला नक्की घाल.

पान निवडताना शेंड्याकडचं कोवळं घे आणि तुकड्यात मधली शीर येईल असं काप, नुसता कडेचा हिरवा चौकोन नको. मूळ कुठूनही फुटत नाही, शिरेला चिकटून असलेल्या पेशींतून फुटतं. आठ-दहा दिवसांनी बाटली न उघडता खालून टॉर्च धरून भिंगातून बघ. कापलेल्या कडेला शिरेच्या अगदी शेजारी अर्ध्या मिलिमीटरचे फुगवटे दिसतील, मग त्यातल्या एकाची कातडी तडकते आणि आतून काचेसारखं अर्धपारदर्शक टोक बाहेर येतं, अगदी टोकाला पिवळसर टोपी, आणि दोन-तीन दिवसांत त्या टोकाच्या थोडं मागे पांढरी लव धरते. ती लव दिसली की समज हे खरं मूळ आहे. गोळ्यावर जे कधीकधी पांढरे काटे येतात त्यांना लव बघूनच मूळ म्हण. एक-दोन सेंटीमीटरची झाली की पानापासून तोडून लिक्विड मीडियात, शेकरवर (फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्रावर). चारेक आठवड्यांनी तपकिरी पडायला लागतात, त्याआधी पांढरी टोकं निवडून नव्या फ्लास्कमध्ये.

हेअरी रूटबद्दल सिनियर खोटं बोलत नाहीये, पण अर्धं सांगतेय. ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजिन्स नावाचा जिवाणू जखमेतून झाडाच्या पेशीत आपला डीएनए घुसवतो, त्यातल्या रोल जीन्समुळे पेशी ऑक्झिनला इतक्या हळव्या होतात की बाहेरून हार्मोन न घालताही मुळांचं जंगल माजतं. भारी प्रकार आहे, पण ती जनुक बदललेली मुळं झाली, त्यासाठी कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी लागते आणि जिवाणू मारायला अँटिबायोटिकवर कितीतरी फेऱ्या. सबमिशन जवळ असताना या भानगडीत पडू नकोस.

प्रश्न : बाजारात मुळं फुटवायला मध, दालचिनी, कोरफड, शहाळ्याचं पाणी असं काय काय सांगतात. जास्वंदीच्या फांदीला यातलं काय लावू? आणि प्रेशर कुकर वापरून घरी टिश्यू कल्चर होतं का?
(गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : ताई, मधात मुळांचं हार्मोन नसतं, बुरशी थोडी लांब राहते इतकंच, दालचिनीचंही तेच. शहाळ्याच्या पाण्यात हार्मोन असतं, १९४१ पासून लॅबवाले ते वापरतात, पण त्यात सायटोकायनिन दणदणीत असतं आणि ते कोंबांच्या बाजूचं, मुळांसाठी लावायचं कारण नाही, ते तुम्हीच प्या. जास्वंदीला नर्सरीतली रूटिंग पावडर चिमूटभर, पुडीतच फांदी खुपसू नका, वेगळ्या कागदावर काढून घ्या नाहीतर अख्खी पुडी ओली होऊन वाया. मनीप्लांटला तेही नको, त्याच्या प्रत्येक पेरावर मुळाचे टेंगूळ आधीच तयार असतात.

कुकरचं म्हणाल तर कुकर उत्तम, लॅबमधला ऑटोक्लेव्ह काही वेगळं करत नाही, १२१ अंश, १५ पौंड प्रेशर, वीस मिनिटं. अडतं ते नंतर. मीडियात साखर असते, झाकण उघडून तुकडा आत ठेवायच्या दोन सेकंदांत हवेतला एक बुरशीचा कण पडला की चौथ्या दिवशी बाटली हिरवी. डोंबिवलीच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

प्रश्न : आमची चारशे झाडं टिश्यू कल्चरच्या जी-नाईनची (केळीची जात) आहेत. गावात कुणीतरी उठवलंय की हार्मोनवर वाढवलेल्या रोपाची केळी लहान मुलांना देऊ नका. गिऱ्हाईक विचारतं. शिवाय लॅबची रोपं आली तेव्हा मुळं चांगली होती पण पिशवीत लावल्यावर ती गेली आणि परत नवी आली असं नर्सरीवाला म्हणाला. असं का?
(शेतकरी, रावेर)

उत्तर : गिऱ्हाइकाला सांगा की रोप बाटलीत असताना लिटरभर जेलीत एक-दोन, फार तर चार-पाच मिलिग्रॅम हार्मोन होतं, त्यातलं रोपाने घेतलं त्याहून कमी, ते रोप तेव्हा काही ग्रॅमचं होतं, त्यानंतर शेतात अकरा-बारा महिने वाढून त्याचं झाड झालं आणि मग घड आला. झाड स्वतः ऑक्झिन बनवतं, मोडतं, परत बनवतं, मुनव्याच्या केळीतसुद्धा ते असतंच. पिकवताना काय वापरलं हे गिऱ्हाइकाने विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. बाटलीतल्या हार्मोनची भीती बिनबुडाची.

मुळांचं नर्सरीवाला बरोबर बोलला. लॅबमध्ये आधी बीएपी नावाचं सायटोकायनिन देऊन एका कोंबाचे अनेक कोंब करतात, त्या काळात मुळं येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. मग एकेक कोंब सुटा करून आयबीए किंवा एनएएच्या मीडियात ठेवतात, बऱ्याचदा कोळशाची पूड घालून, ती पूड आधीचं उरलेलं बीएपी शोषते आणि मुळाला अंधारपण मिळतो, म्हणून ती जेली काळी असते. तिथे आलेली मुळं जेलीत वाढलेली, त्यांना लव कमी, मातीच्या कणांना चिकटून पाणी ओढायची कधी वेळच आलेली नसते. कोकोपीटमध्ये ती बरीचशी निकामी होतात आणि बुडातून खरी मातीची मुळं येतात, तोपर्यंत रोपाला वरून धुकं आणि सावली द्यावी लागते, त्यालाच हार्डनिंग म्हणतात. तुम्ही रोप घेताना पान किती हिरवं हे न बघता पिशवी उलटी करून मुळं पांढरी आहेत का तपकिरी ते बघा.

काळजी करायची असेल तर ती वेगळी आहे. बीएपी जास्त ठेवून आणि त्याच कोंबांवर फेऱ्यांवर फेऱ्या मारून रोपं काढली की त्यात आडवीतिडवी, ठेंगणी, वेगळ्या पानाची झाडं निघायला लागतात. म्हणून केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या सर्टिफिकेशनमध्ये लॅबची तपासणी आणि रोपांची व्हायरस टेस्ट, दोन्ही असतात. बिलाबरोबर ते सर्टिफिकेट मागा, लाजू नका.

प्रश्न : लॅबमध्ये, स्टीलच्या टाकीत वाढवलेली अश्वगंधाची मुळं येणार असं ऐकतो. माझ्याकडे रुग्ण विचारतात. ते आस्कंद (औषधातलं अश्वगंधाचं मूळ) म्हणून चालेल का? मला स्वतःला हे पटत नाही, पण कारण नीट सांगता येत नाही.
(वैद्य, नाशिक)

उत्तर : वैद्यजी, कल्पना हवेतली नाही. कोरियात चुंगबुक नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या प्रा. पेक यांच्या गटाने जिनसेंगची मुळं अशीच वाढवली आणि ती १०,००० लिटरच्या टाक्यांपर्यंत नेली. आयबीए घातलेलं गोड पाणी, खालून हवेचे बुडबुडे (ढवळायला पंखा लावला तर मुळं चिरडतात), आणि काही आठवड्यांत टाकी मुळांनी गच्च. शेवटी मिथाइल जास्मोनेट घालतात, किडीने कुरतडल्यावर झाड जो धोक्याचा संदेश देतं त्यातलं हे द्रव्य, त्याने जिनसेनोसाइड्स (जिनसेंगमधली औषधी द्रव्यं) वाढतात पण मूळ वाढायचं थांबतं, म्हणून आधी वाढवून घ्यायचं आणि मग घाबरवायचं. शेतात जिनसेंगला चार ते सहा वर्षं लागतात, त्यामुळे तिथे हा खटाटोप परवडतो.

अश्वगंधाचं गणित वेगळं. खरिपात पेरलं की पाच-सहा महिन्यांत मूळ निघतं, नीमचच्या मंडीत पोत्यांनी मिळतं. आणि मूळ सारखं नाहीच. शेतातलं आस्कंद बोटाएवढं जाड, आत पिठूळ, मोडलं की टचकन मोडतं, वास येतो. फ्लास्कमधलं मूळ दोऱ्याएवढं बारीक, पांढरं, ओलं. ते जाड होतच नाही, कारण जाड व्हायला जे आतलं दुय्यम लाकूड आणि पिष्ट साठायला लागतं तो काळच त्याला मिळत नाही, सारखी कोवळी टोकं. विथॅनोलाइड्स (अश्वगंधातली औषधी द्रव्यं) त्यात असतात, विथॅनोलाइड-ए चांगलं येतं असे पेपर आहेत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण शेतातल्यासारखं असेल असं धरून चालता येत नाही.

तुमच्या न पटण्याला आधार आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात) अश्वगंधा म्हणजे वाळवलेलं पक्व मूळ असं लिहिलंय. पक्व हा शब्द टाकीतल्या मुळाला लागू होत नाही. पानांच्या बाबतीतही आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं की अश्वगंधाच्या औषधात पान वापरू नका, म्हणजे कुठला भाग ही बारीक बाब नाही. टाकीतलं मूळ एखाद्या द्रव्याचा अर्क म्हणून, तसं लेबल लावून विकलं तर माझी हरकत नाही, चूर्ण म्हणून विकलं तर आहे.

पण हे तंत्र मोडीत काढायच्या आधी दशमुळाकडे बघा. बेल, टेटू, पाडळ, शिवण, ऐरण, या पाच झाडांचं मूळ किंवा मुळाची साल हवी, म्हणजे मूळ काढायला उभं झाड खणायचं. टेटू आता आपल्या जंगलात शोधावा लागतो. तिथे बाटलीतल्या मुळांवर कुणी मन लावून काम केलं तर ते अश्वगंधाच्या दहा पेपरांपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे. दुर्दैवाने लाकडी झाडांना बाटलीत मूळ धरायला लावणं हे याच धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, म्हणून जो तो तंबाखू-अश्वगंधाकडे पळतो, ती लवकर निकाल देतात.

प्रश्न : एकाने ऑफर दिलीय. दहा बाय बाराच्या खोलीत औषधी मुळांची लॅब, ‘सिक्रेट हार्मोन फॉर्म्युला’ ते देणार, त्याचे वेगळे पैसे, आणि तयार मुळं तेच विकत घेणार. टोकन मागतायत. करू का?
(तरुण उद्योजक, सातारा)

उत्तर : फॉर्म्युल्याचे पैसे तर अजिबात देऊ नका, कारण सिक्रेट काही नाहीच. एमएस मीडिया मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये छापून टाकला, आज त्याची तयार पाकिटं मिळतात, आयबीए कुठल्याही केमिकलवाल्याकडे ग्रॅमवर मिळतं आणि एका ग्रॅममध्ये, लिटरला १ मिलिग्रॅमने, हजार लिटर मीडिया होतो. म्हणजे या सगळ्या धंद्यात हार्मोन हा सर्वात स्वस्त माल आहे. पैसा जातो तो खोली चोवीस तास पंचविसेक अंशांवर ठेवण्यात, लॅमिनारच्या (स्वच्छ हवेच्या कपाटाच्या) फिल्टरमध्ये, लाइटबिलात, आणि हात न थरथरता हजार वेळा तेच काम स्वच्छ करणाऱ्या मुलींच्या पगारात. लोडशेडिंगमध्ये जनरेटर नसेल तर दोन दिवसांत सगळं जाऊ शकतं.

त्यात ओली मुळं वाळवली की दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतात, हे हिशोबाच्या कागदावर लिहिलंय का ते बघा, बहुतेक लिहिलेलं नसेल. अश्वगंधा म्हणत असतील तर शेतातल्या मालाशी भावात टिकणार नाही हे वर आलंच. दुसरं कुठलं झाड म्हणत असतील तर तीन गोष्टी लेखी मागा : ते माल ओला घेणार का वाळलेला, कुठल्या द्रव्याचं किती टक्के प्रमाण धरून घेणार आणि ती एचपीएलसी टेस्ट (द्रव्य किती ते मोजणारी) कुणाच्या खर्चाने, आणि आजपर्यंत त्यांनी ज्यांच्याकडून माल घेतला अशा दोन लोकांचे पत्ते. पत्ते मिळाले तर स्वतः जा, फोनवर भागवू नका, तिथे गेल्यावर शेल्फवरच्या बाटल्या बघा, हिरव्या-काळ्या किती आणि स्वच्छ किती, आणि मागच्या महिन्याची विक्रीची बिलं दाखवा म्हणा. हे सगळं होईपर्यंत टोकन नाही.